मांडलेला डाव

आमचे आबा, कान्होजीराव, शिंदे सरकारच्या रिसाल्यातले. राग नाकावर! पण सोंगट्यांचा पट दिसला की भूक-तहान विसरायचे. घरात एकच नेम कडक: मांडलेला डाव अर्धा सोडून उठायचं नाही. अर्धा डाव सोडला म्हणजे रणातून पळालात, असं ते म्हणायचे.

आणि लष्कर पेठेतल्या आमच्या कन्याशाळेत वनमालाबाईंनी नेमका पटच मांडला होता! कवड्यांचं दान सहा पडलं की बाई विचारणार, "सतरा सक?" उत्तर आलं तर चाल, नाहीतर हात चोळत बसा. काय मजा यायची म्हणून सांगू! पाढे म्हटलं की जांभया देणाऱ्या आम्ही, आता जेवतानासुद्धा सतराचा पाढा पुटपुटायचो.

कुणा मेल्याने आबांच्या कानी घातलं, शाळेत पोरी जुगार खेळतात. झालं! आबा काठी आपटत वर्गाच्या दारात हजर.

"मंदे, ऊठ! दप्तर घे. आजपासून शाळा बंद!"

मी दप्तराकडे हात नेला. आबांचा शब्द म्हणजे शब्द. बाईंनी फक्त पदर सावरला.

"न्या. पण तिचं दान पडलंय, तेवढी चाल होऊ द्या."

आबांनी पटाकडे पाहिलं मात्र! "अगं, ती नको! वो पीछेवाली चला, नाहीतर मरेल!"

"चाल सुचवायची तर पाढा सांगावा लागतो," बाई म्हणाल्या. "सतरा सक?"

आबा मिशी चावू लागले. "नव्वद?"

"एकशे दोन!" मी किंचाळलेच. मागची सोंगटी पुढे आली, समोर खेळणाऱ्या पद्माची धाडकन मेली, नि अख्खा वर्ग नाचायला लागला. आबा तर चक्क मांडी घालून बसले. "शाब्बास गं वाघिणी! टाक कवड्या!"

तेवढ्यात घंटा झाली. आबांनी माझं दप्तर उचललं, पटाकडे पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं.

"बाई, डाव अर्धा राहिला की हो!"

"उद्या पुढे खेळू. पण मंदाची शाळा तर..."

"येईल ती! अर्धा डाव सोडायला काय दुसऱ्याची पोर आहे?"

दुसऱ्या दिवशीही घंटेला डाव अर्धाच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी मॅट्रिक होईपर्यंत बाईंनी तो डाव पुरा होऊच दिला नाही.

आबांना कळत नव्हतं? छे! रोज शाळेजवळच्या फुलबागेपाशी मला सोडताना हळूच म्हणायचे, "मंदे, आज संपवू नकोस हं."