गच्चीवरचे अर्धे साप

"गच्चीची किल्ली तिच्याजवळ, जिना तिच्या दारावरून, अन् साप पडते माह्याच दोरीखाली," अंजनाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. सिविक सेंटरच्या बाजाराला निघालेल्या ऑटोत आम्ही पाच जणी कोंबलेल्या होतो, कान बाजूला घ्यायलाही जागा नव्हती.

अंजनाबाई आमच्या शेजारच्या क्वार्टरातल्या. त्यांच्या दामिनीला पाचवा लागला होता आणि तिच्या चोरचोळीसाठी आम्ही कापड घ्यायला निघालो होतो. चोरचोळी म्हणजे जवळच्या चार बाया, लोटलेलं दार आणि पोरीला नवी चोळी. कोणाला बोलवायचं ते अजून ठरत होतं. कोणाला नाही, ते अंजनाबाईंचं ठरलेलं होतं.

मैनाबाईंना. वरच्या क्वार्टरात एकट्या राहणाऱ्या, प्लांटच्या कँटीनमधून रिटायर झालेल्या. दामिनी लहानपणी यांच्याच हातचा भात खाऊन वाढली. पण तीन हप्त्यांत गच्चीवर तीन वेळा अर्धा साप पडला होता. आमच्याकडे घरात कोणी पोटुशी असली की सापाला कोणी काठी लावत नाही, दिसला तर वाट मोकळी करून देतात. इथं तर मेलेलाच घरपोच.

गुरुवारी कपडे वाळत घालताना मी चोर पाहिला. मागच्या नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर भलामोठा तपकिरी पक्षी, पिवळे डोळे, मानेमागं विस्कटलेला तुरा. शेवई ओढावी तसा साप गिळत होता. कावळ्यांनी भंडावलं तसा तो उडाला आणि उरलेली शेपटी आमच्या गच्चीवर पडली. सुनेनं, उन्नतीनं, मोबाईलवर शोधलं. "मम्मी, ये तो सर्पगरुड है. साप, सरडे हेच खातो."

मी अंजनाबाईंना सांगितलं.

"घार असन."

दुसऱ्या दिवशी हात धरून वर नेलं, दाखवला. त्यांनी पदराखाली हात घेऊन बराच वेळ पाहिला.

"बरं. पन तो इथंच कावून येते?"

"झाड मागंच आहे न, बाई."

"झाड तं पयलेही मागंच होतं, चंदा."

खरं सांगायचं तर, मी कॉलनीभर गरुड समजावत फिरत होते आणि मैनाबाईंनी पाठवलेली खिरीची वाटी माझ्या फ्रिजमध्ये दोन दिवस झाकून पडली होती. तिसऱ्या दिवशी मी ती सिंकमध्ये ओतली. आंबली असेल, असं स्वतःला सांगितलं.

चोरचोळीच्या दुपारी दामिनी पाटावर बसली, तेवढ्यात दार वाजलं. मैनाबाई.

"मीच बोलावलं," दामिनी खाली बघत म्हणाली.

कोणी सरकून जागा केली नाही. अंजनाबाईंनी पोरीच्या पोटावर पदर ओढला. "या न मैनाबाई. पन दामिनीले आता आराम पायजे. डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरनं कवा सांगतलं?" दामिनीनं विचारलं.

"तू गप बस."

मागून गरुडाची लांब शीळ आली. मी घाईघाईनं म्हटलं, "आयकलं? तोच तो." खिडकीकडे कोणीही पाहिलं नाही. सगळ्या मैनाबाईंच्या हातांकडे बघत होत्या, आणि मीही. हात रिकामे होते.

मैनाबाईंनी चपला काढल्या, आत आल्या आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसल्या.

"अंजना, महिना होऊन राह्यला, मी दिसली का तू पोरीचं पोट झाकते. पाखरू तूबी पायलं, मीबी पायलं." त्यांचा आवाज चढला नाही. "तुमाले सगळ्याइले वाटते मी टोनही आहे. पोरीवर चेटूक करून राह्यली. एवढंच म्हनाचं आहे न तुमाले?"