कानाला पाच शब्द, डोळ्याला सोमवार

डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला आणि मग बोलायला सुरुवात केली. आता ह्याला काय म्हणावं? लव्हॉन टिश्लर जन्मापासून बहिरी. ती हातांनी बोलते आणि डोळ्यांनी ऐकते. डॉक्टरांचा शब्द न् शब्द हातांनी सांगायला तिची दुभाषी मेरिबेथ शेजारीच उभी होती, पण काळोखात हात दिसणार कसे? डोळ्यांच्या डॉक्टरांना अंधारात बोलायची इतकी सवय असते की समोरचा माणूस कशानं ऐकतो हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही.

लव्हॉनची हनुवटी यंत्राच्या टेकूवर होती आणि उजव्या डोळ्यात लख्ख उजेडाची चीर घुसत होती. डॉक्टरांचे ओठ हलतायत एवढंच तिला कळलं. तिनं थोडा वेळ सोसलं. मग उठली, भिंत चाचपत गेली आणि दिव्याचं बटण दाबलं.

"बोलायचं असेल तर उजेडात बोला," तिनं हातांनी सुनावलं, आणि मेरिबेथनं ते तोंडानं म्हटलं. "तपासायचं असेल तर अंधारात तपासा. दोन्ही एकदम करायला मी काही वटवाघूळ नाही."

डॉक्टर लुंडीन तरुण होते, कामाला हुशार, आणि शुक्रवारची दुपार असल्यामुळे घाईत. त्यांनी मान डोलावली आणि मेरिबेथकडे वळून म्हणाले, "तिला सांगा, दृष्टिपटल मागच्या भिंतीपासून सुटत चाललंय."

मेरिबेथ जसंच्या तसं सांगते, तेच तिचं काम. "तिला सांगा" हेसुद्धा तिनं हातांनी सांगितलं.

"मी इथे बसलेय," लव्हॉन म्हणाली. "ह्या खुर्चीत. निळा स्वेटर घातलेली ती मीच."

भिंतीला टेकून उभा असलेला तिचा नवरा ऑरिन हसला. तोही बहिरा. फॅरिबो गावातल्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेतच दोघांची गाठ पडली. ('मुक्याबहिऱ्यांची' हे शाळेचं जुनं नाव, आता ते कुणी ऑरिनसमोर घेतलं तर तो छापखान्यातल्या नोकरीत कमावलेल्या आवाजानं, म्हणजे टेबलावर मूठ आपटून, त्याचा समाचार घेतो.) पण लव्हॉनच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं.

कारण ती घाबरली होती. काल सकाळी शाळेत लहान मुलांना गोष्ट सांगताना तिच्या उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळा पडदा चढायला लागला. तीन-तीन वर्षांची बहिरी मुलं, आणि त्यांच्या इवल्या हातांत पहिले शब्द येताना बघायचं, हे तिचं काम. त्या पडद्यामागे उजवीकडच्या दोन पोरांचे हात नाहीसे झाले. डावा डोळा लहानपणापासून आळशी, जवळ आलेले हात ओळखण्यापुरताच कामाचा. तेव्हा जे काही होतं ते उजव्यातच होतं. बोलणं, काम, नवऱ्याचे विनोद, सगळं त्या एका डोळ्यातून आत येत होतं.

"मधला भाग अजून चिकटलेला आहे," डॉक्टर आता तिच्याकडे बघून म्हणाले. "बारीक नजर तिथेच असते. तो सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर डोळा जवळजवळ पहिल्यासारखा होईल. सुटल्यावर केली तर..." त्यांनी खांदे उडवले.

"मग आज करा. उद्या करा."

डॉक्टर संगणकाच्या पडद्याकडे वळले. तिची माहिती तिथे उघडी होती आणि सगळ्यात वर एक लांबलचक ओळ होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली आणि मेरिबेथनं एकेक अक्षर बोटांवर जुळवून दाखवली: बायलॅटरल प्रोफाउंड सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. दोन्ही कानांची मज्जातंतूंमुळे गेलेली श्रवणशक्ती, अतितीव्र.

लव्हॉननं बोटांवर मोजले. पाच शब्द. दुखणं डोळ्याला, आणि शब्द पाहावेत तर सगळे कानाला! त्या कानांबद्दल तिनं बासष्ट वर्षांत कुणाकडे तक्रार केली नव्हती.

"अडचण अशी आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडावा लागेल. तो दृष्टिपटलाला जागेवर दाबून धरतो. त्यासाठी आठवडाभर पालथं पडून राहायचं, तोंड जमिनीकडे. जेवतानाही मान खाली. उजव्या डोळ्यानं तर काही दिसणारच नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, वर बघता येणार नाही. कुणी काही सांगितलं तर तुम्हाला कळणार कसं? घरी यजमान, तेही... तसेच."

"तसेच म्हणजे कसे?" ऑरिननं विचारलं.

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. "मला तुमच्या सुरक्षिततेची जबाबदारी घ्यावी लागते. शहरात एक शुश्रूषा केंद्र आहे. तिथे चोवीस तास माणसं असतात. तिथे खाट मिळाली तरच मी शस्त्रक्रिया करीन. खाट सोमवारी रिकामी होतेय."

"आणि सोमवारपर्यंत मधला भाग टिकेल?"

"सांगता येत नाही."

"तिथल्या कुणाला आमची भाषा येते?"

"ते लोक फार प्रेमळ आहेत," डॉक्टर म्हणाले.

लव्हॉन पेटली. प्रेमळ! आठवडाभर पालथं पडायचं आणि प्रेमळ अनोळखी हातांनी न सांगता न विचारता कूस बदलायची, चमचा तोंडात कोंबायचा, सुई टोचायची. आणि त्या सुखासाठी सोमवारपर्यंत थांबून डोळा घालवायचा. ऐकू येणारी बाई असती तर डॉक्टरांनी तिला उद्या सकाळीच टेबलावर घेतली असती आणि घरी धाडली असती. बरं, असा भेदभाव करायला कायद्यानं बंदी आहे. पण कायदा काही शुक्रवारी दुपारी खोलीत येऊन खुर्ची ओढून बसत नाही.

तिचे हात इतक्या वेगानं चालले की मेरिबेथला दम लागला. "माझ्या कानांनी माझा डोळा आजारी पाडला का? मग शिक्षा डोळ्याला का? तुम्ही सगळ्यांना पालथं पाडता, त्यांच्याशी कोण बोलतं ते विचारता का? नवरा घोरत पडला असेल, पोरगा फोनमध्ये असेल, तरी त्यांना घरी सोडता. आणि माझ्या नवऱ्याला तुम्ही माणसात धरत नाही!"

मग ती मेरिबेथकडे वळली. "माझा राग पोचला का? की तू साखर घालून दिलास?"

"बाहेरच्या बाकांवरची माणसंसुद्धा वळून बघतायत, लव्हॉन," मेरिबेथ म्हणाली.

"मग ठीक."

डॉक्टर लाल झाले होते. "मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. पालथ्या माणसाशी हातांनी बोलता येत नाही, ही साधी गोष्ट आहे."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त घडा खुर्चीवर ताठ बसलेला होता. लव्हॉननं ऑरिनकडे बघितलं आणि भुवई उडवली. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं पुरतं.

ऑरिननं कोट काढला. साडेसहा फुटी धिप्पाड माणूस, पायांचं दुखणं सांभाळत आधी गुडघ्यांवर आला आणि मग तपासणीच्या खोलीत, चकचकीत फरशीवर, सरळ उताणा पडला. लव्हॉन भिंतीकडेच्या लांब बाकावर पालथी झाली आणि डोकं बाकाच्या कडेबाहेर काढून खाली बघायला लागली. डॉक्टर हां हां म्हणत पुढे झाले. तोवर ऑरिनचे दोन्ही हात तिच्या तोंडाखाली वितीवर चालायला लागले होते.

"काय गं, वर हवा कशी आहे?"

"गरम," लव्हॉनचे लोंबकळते हात म्हणाले. "एक डॉक्टर तापलाय."

"इथून मला तुझ्या नाकातले केस दिसतायत."

"चाळीस वर्षांनी दिसले? आंधळा तूच आहेस. तुलाच न्या म्हणावं शुश्रूषेला."

मेरिबेथ हे सगळं मोठ्यानं सांगत होती, नाकातल्या केसांसकट. दारात येऊन थांबलेल्या नर्सनं तोंडावर हात धरला.

"आता तुम्ही विचारा," लव्हॉननं न वळता डॉक्टरांना म्हटलं. "वैद्यकातलं विचारा. काहीही."

डॉक्टर घुटमळले. मग म्हणाले, "तुम्हाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?" मेरिबेथनं एक निःश्वास टाकला. हात उठून दिसावेत म्हणून दुभाषी घालतात तसला काळा, साधा सदरा तिनं घातलेला होता. तो फरशीवर टेकवून ती ऑरिनशेजारी उताणी झाली आणि तिनं तो प्रश्न खालून वर सांगितला.

"सल्फाची," लव्हॉन म्हणाली. "आणि एक सांगते. सुई डाव्या हातात लावायची. उजव्या हातानं मी बोलते. उजव्यात सुई लावाल तर ते माझ्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं होईल."

डॉक्टरांनी त्या जमिनीवरच्या दोन माणसांकडे आणि वरच्या एकीकडे बघितलं.

"पण आठवडाभर असं कोण पडून राहील?" शेवटी त्यांनी विचारलं.

ऑरिननं पडल्यापडल्याच खिशातून फोन काढला, काहीतरी लिहिलं आणि छातीवर ठेवून दिला. फॅरिबोतली बहिरी मंडळी दर शुक्रवारी पत्त्यांना जमतात. त्यांना बातमी लागली की ती गावात वणव्यासारखी पसरते, आणि उत्तरं द्यायला त्यांना डाव संपायची वाट बघावी लागत नाही. फोन त्याच्या छातीवर थरथरत राहिला. त्यानं तो वर धरून डॉक्टरांना दाखवला. कुणी सकाळ मागत होतं, कुणी दुपार. थेल्मा ब्राटनं विचारलं होतं की तिचं काचेचं मोठं टेबल आत्ता आणू की जेवून.

"काचेचं टेबल कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"काचेतून दिसतं," लव्हॉन म्हणाली आणि बाकावरून उठली. रक्त उतरून तिचं तोंड लालबुंद झालं होतं.

डॉक्टरांनी पडद्यावर काहीतरी टाइप केलं. "उद्या सकाळी सात," ते म्हणाले. माफी मागितली नाही. लव्हॉननंही आभार मानले नाहीत. का मानावेत? आपल्याच डोळ्यासाठी, बासष्टाव्या वर्षी, परक्या माणसासमोर बाकावर पालथं पडून कसरत करून दाखवावी लागली होती. इतरांना नुसती सही करावी लागते.

शस्त्रक्रिया शनिवारी झाली, सुई डाव्या हातात लागली. घरी सोडताना दुसऱ्याच एका नर्सनं सूचनांचा कागद हातात दिला. त्यात लिहिलं होतं, वेळ जाण्यासाठी रेडिओ ऐका, ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐका. ऑरिननं तो कागद घडी करून खिशात घातला, आणि घरी आल्यावर टेबलाचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सरकवला.

त्या टेबलावर उशा रचून, मधे तोंडापुरती काच मोकळी ठेवून, लव्हॉन आठवडाभर पालथी पडली. खाली सतरंजी अंथरलेली होती. येणारा जोरात पाय आपटायचा, जमीन हादरायची, म्हणजे कुणीतरी आलं हे तिला कळायचं. मग तो टेबलाखाली सरकायचा. मान अवघडली, पाठ धरली, रात्री रडूही आलं, ते काही खोटं नाही. उजव्या डोळ्यापुढे नुसतं पाणी डुचमळत होतं. पण त्या आळशी डाव्या डोळ्यासमोर, काचेखाली वितीवर, कुणाचे ना कुणाचे हात सतत होते. थेल्मानं तिथूनच तिला नळीनं सूप पाजलं आणि गावातली चार लफडी सांगितली. गुडघ्याचा सांधा बदललेला म्हातारा एल्डन खाली शिरला तो त्याला बाहेर काढायला तिघं लागले. रविवारी पत्त्यांचा अख्खा अड्डा फरशीवर बसला, आणि लव्हॉनचे पत्ते तिच्या वतीनं ऑरिन हरला. निरोप घ्यायला ह्या मंडळींना नेहमीच तासभर लागतो. टेबलाखालून निघतानाही लागला.

तीनेक महिन्यांनी बुडबुडा विरून नजर स्थिरावली, तेव्हा ती शेवटच्या तपासणीला गेली. डॉक्टर लुंडीननी ह्या वेळी दिवा चालू ठेवूनच सगळं आधी समजावलं, मग मालवला, मग पुन्हा लावला. तेवढं ते शिकले होते. त्यांनी तिचा डावा डोळा झाकला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तिनं तळाच्या ओळीपर्यंत वाचली.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. ते खूश होते, खरोखर खूश. हातातलं आवाज नोंदवणारं छोटं यंत्र तोंडाशी धरून, पाठ वळवून, खिडकीजवळ जाऊन ते नोंद सांगायला लागले. ते यंत्राशी बोलत होते, लव्हॉनशी नव्हे. पण मेरिबेथ दुभाषी होती. खोलीत जे बोललं जातं ते सगळं सांगायचं, हा तिचा नियम. ती पार दुसऱ्या टोकाला, दाराशी उभी होती. तिथून तिचे हात हलले.

लव्हॉनचा डावा डोळा अजून झाकलेलाच होता. उजव्यानं तिनं एकेक बोट स्पष्ट वाचलं: "रुग्णेनं श्रवणशक्ती गमावलेली असूनही सूचना व्यवस्थित पाळल्या."

ती उठली. डॉक्टरांच्या खांद्यावर दोन बोटं टकटक वाजवली. ते दचकून वळले.

"यंत्र बंद करू नका," ती म्हणाली. "हे पण त्यात जाऊ द्या. मी काही गमावलेलं नाही. जे माझ्यापाशी कधी नव्हतं ते हरवणार कसं? माझ्याजवळ हरवण्यासारखी एकच गोष्ट होती. ती तुम्ही सोमवारपर्यंत हरवायला निघाला होतात."

मेरिबेथनं ते सांगितलं, जराही साखर न घालता. डॉक्टरांच्या हातातल्या यंत्राचा लाल दिवा पेटलेला होता, आणि तो लव्हॉनला त्या डोळ्यानं अगदी स्वच्छ दिसत होता.