पुसायलाही जागा लागते

काकूंनी कपाटावरचा काळा डबा दोन्ही हातांनी अलगद उतरवला आणि दुरुस्तीवाल्यापुढे टेबलावर ठेवला.

"हळू काकू, पोटुशी बाई सांभाळावी तसा धरलात."

"भरलेलाच आहे हो तो," काकू म्हणाल्या.

घरातले कागद, फोटो, काकांचे आराखडे, सगळं या डब्यातल्या डिस्कवर साठत होतं. परवा तो काठोकाठ भरला आणि मुकाच झाला. दिवा लागे, पण आतलं काही म्हणजे काही उघडेना.

दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. बराच वेळ बघून तो हसला.

"आतलं शाबूत आहे. पण एवढं गच्च, की याला पुसतासुद्धा येत नाहीये. पुसलं, याची नोंद ठेवायलाही तसूभर जागा लागते. तेवढीही नाही. आधी बाहेरून थोडी जागा जोडून द्यावी लागेल, मग काहीतरी कमी करावं लागेल."

"तिचं काढा," खुर्चीतून काका म्हणाले. "माझ्या पुलाचे आराखडे तेवढे वाचले पाहिजेत."

'तिचं' म्हणजे लेकीचं. काका पूल बांधणारे इंजिनियर, लेकही त्याच विद्येची. तपासणीच्या पथकात ती गेली, बापाच्याच पुलाखाली उभी राहिली आणि पूल धोक्याचा आहे असं सही करून लिहून आली. पूल पाडला गेला. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. काका आराखडे उघडून रोज तिची चूक शोधत. अजून सापडली नव्हती.

"नाही," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"काय नाही?"

"तिचं एक अक्षर काढायचं नाही. काढायचंच असेल तर आधी मला घराबाहेर काढा."

दुरुस्तीवाल्याने घसा खाकरला.

"भांडू नका हो. पण इथे एक गंमत आहे. हे फोटो एका ठिकाणी नाहीतच. 'विमा' नावाचा फोल्डर उघडला, आत दात पडलेली मुलगी. 'पाणीपट्टी'तही तीच. 'गॅस', 'घरपट्टी', जिथे बघावं तिथे हीच."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर वळवली नाही.

"तुम्ही पुसायचात, मी परत उतरवायचे. एका ठिकाणचे गेले की दोन ठिकाणी. नेमच धरला होता. एक दिवस चुकवला नाही."

"म्हणजे डबा तू भरलास!"

"भरला."

"एकट्या काकूंना बोल नका लावू," दुरुस्तीवाला म्हणाला. "काकूंच्या प्रती निम्म्याच आहेत. उरलेलं सगळं कचरापेटीत आहे. पुसलेलं आधी तिथे जातं आणि काही दिवसांनी आपोआप नाहीसं होतं. इथे ते नाहीसं होणं कुणीतरी बंद करून ठेवलंय. डब्याचा मुख्य पासवर्ड कुणाकडे असतो?"

तो फक्त काकांकडे असे. काका चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता.

"मग असं करू, मी तात्पुरती जागा जोडतो आणि कचरापेटी रिकामी करतो. फोटो दुसरीकडे आहेतच की."

"तिला हात लावायचा नाही," काका म्हणाले.

"मग काका, दुसरी मोठी डिस्क घ्यावी लागेल. आहे ते सगळं तिच्यावर उतरवून घेऊ."

"आणा," काकूच बोलल्या. "चांगली ऐसपैस आणा. नवे फोटोही बसले पाहिजेत."

काकांची मान वर झाली. "नवे?"

इतके दिवस काकू फोन उशीखाली ठेवत. आता त्यांनी तो टेबलाच्या मधोमध, उघडाच ठेवला. नदीच्या पात्रात नव्या पुलाचा अर्धा बांधून झालेला खांब, आणि त्याला टेकून, उन्हाने डोळे बारीक केलेली लेक.

काकांनी फोन हातात घेतला नाही. खुर्ची मात्र पुढे ओढली. आधी खांब पाहिला, वरपासून खालपर्यंत, खोट काढायच्या नजरेने. मग तिच्याकडे पाहिलं, आणि तिथेच थांबले.

"हिचं हेल्मेट कुठाय?" ते खेकसले. "फोन लाव आणि विचार तिला. आत्ताच्या आत्ता."