बुरेकखालचा ट्रंपेट

राडिसावला एका जागी बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. पण काचबिंदूने त्याच्या डाव्या डोळ्याची नजर कडेने खात आणली होती, आणि दाब मात्र दर तपासणीत ठीक. म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्याला पहाटेच इस्पितळात बोलावून घेतलं. "दाब दिवसभरात चढतो-उतरतो. चोर कधी येतो ते बघू," त्या म्हणाल्या.

सहाला दाब अठरा. नऊला सतरा. बाराला सोळा. मधल्या वेळात राडिसावने व्हरांड्यात शंभर चकरा मारल्या, तीनदा कॉफी मागितली, तिन्ही वेळा नर्सची बोलणी खाल्ली. त्याची बोटं मांडीवर ट्रंपेटच्या कळा दाबत होती. हल्ली फुंकताना दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की बंदी आलीच. आणि शनिवारी धाकट्या लेकीचं लग्न! मोरावा नदीकाठी चाळीस वर्षं लोकांच्या पोरी लग्नात वाजवत सासरी धाडल्या, आणि स्वतःची मुक्याने धाडायची?

तीनला सतरा. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "आहेत तेच थेंब चालू ठेवा. आजचा दिवस नेहमीसारखाच गेला ना?"

"अगदी!"

त्याची बायको स्तामेना शेजारीच बसली होती. "नेहमीसारखा? घरी दोन तास फुंकल्याशिवाय हा जेवायला बसत नाही." तिने पिशवीतले बुरेक, घरून आणलेले चीजचे पापुद्री पाव, बाजूला सारले आणि खालून ट्रंपेट काढला. "वाजव."

"इथे? वेड लागलंय तुला? लोक काय म्हणतील?"

"सगळं गाव बहिरं केलंस तेव्हा नाही लाजलास!"

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, तेव्हा सगळे अंगणात गेले. बाकावर बसून राडिसावने कोलो नाचाचे सूर लावले आणि मग त्याला थांबवेना. पट्टी बांधलेले रुग्णही पाय आपटू लागले. शेवटचा सूर संपताच डॉक्टरीणबाईंनी हातातलं यंत्र त्याच्या डोळ्याला लावलं.

"छत्तीस. सापडला चोर. आता वाजवणं बंद."

राडिसाव भडकला. बायकोला चार शब्द सुनवायला तो वळला, तर ती दिसेना. "कुठे तोंड लपवलंस आता?"

"तुझ्या डाव्या हाताला," अगदी जवळून आवाज आला. "केव्हाची इथेच बसलेय."

त्याने पूर्ण मान वळवली. स्तामेना रडत होती. राडिसावने ट्रंपेट तिच्या मांडीवर ठेवला.

"आपल्या पुतण्याला सांग, शनिवारी माझ्याऐवजी त्यानेच वाजवायचं. मी लेकीच्या उजवीकडे... नाही, डावीकडे उभा राहीन. म्हणजे ती माझ्या उजव्या हाताला येईल, मला दिसेल."