तोंडावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी कॅप आहे. डोक्यावर घालायची नव्हे, दातावर बसवायची. एका आजींच्या समोरच्या दातावर मी कितीतरी वर्षे ठाण मांडून बसले आहे. वरून मी पांढरी दिसते, पण तो चिनी मातीचा पातळ थर आहे. आत मी धातूची आहे: बरेचसे सोने, थोडे पॅलेडियम आणि चिमूटभर कथिल. एवढी मौल्यवान असून मला कोणी पाहत नाही, याचे पूर्वी मला फार वाईट वाटायचे.

दातांसाठी धातू तयार करणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एक बाई दिवसभर भट्टीपाशी उभी असायची, म्हणून सगळे तिला भट्टीताई म्हणत. या आजी म्हणजे तिची आई. भट्टीताई रांगती असताना आईने तिला उचलून घेतले आणि पोरीने आनंदाने अशी उसळी घेतली, की तिचे डोके आईच्या दातावर आपटले. दात अर्धा तुटला. त्यावर स्वस्त धातूची कॅप बसवली, ती आईला मानवली नाही. हिरडी सुजली, कडेला काळी रेघ उमटली आणि शेवटी कॅप काढावी लागली. तेव्हापासून हसू आले की आईचा हात तोंडावर जायचा. भट्टीताईला आईचे उघडे हसू कधी पाहिल्याचे आठवतच नव्हते. ते एकदा पाहायचे, हाच तिचा ध्यास होता.

"सगळा माझ्या डोक्याचा प्रताप," ती म्हणायची.

"डोकं पहिल्यापासूनच टणक गं तुझं," आई हाताआडून हसायची.

मला घडवणे मात्र सोपे नव्हते. नुसते सोने मऊ, चावताना दबायचे. शिवाय समोरचा दात पांढरा हवा, म्हणजे धातूवर चिनी माती भाजायला हवी. भट्टीतून बाहेर आल्यावर धातू आणि माती, दोन्ही सारख्याच प्रमाणात आकसली पाहिजेत, नाहीतर माती तडकते. पहिल्या खेपेला ती तडकलीच. मग भट्टीताईने माझ्यात चांदी मिसळली. या वेळी तडा गेला नाही, पण मातीवर हिरवट झाक आली. पॉलिश करणारे काका वाकून बघत म्हणाले, "दात आहे की शेवाळलेली पायरी?" एरवी त्यांच्या थट्टेला ती खळखळून दाद द्यायची. त्या दिवशी तिने मला तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मला शुद्ध करून पुन्हा मुशीत टाकले, तेव्हा उलट बरेच वाटले.

चांदी गेली, कथिल आले आणि एकदाची मी जमले. कारखान्यातल्या सगळ्या तपासण्या पार पडल्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी होकार दिला, आणि मी आईच्या दातावर बसले. हिरडी अजिबात सुजली नाही. आईने आरशात वळून वळून पाहिले. "छान झालंय गं," ती म्हणाली, आणि हसू आले तसा हात तोंडावर गेला.

"आई, आता तरी हात काढ ना."

"अगं, मी कुठं नेते? तो आपोआप जातो."

भट्टीताईचा चेहरा उतरला. धातूचे काय चुकले ते तिला शोधता आले असते, पण इथे धातूचे काहीच चुकले नव्हते. ती सारखी आठवण करून देऊ लागली, आणि आई हसायचेच टाळू लागली. मी जागच्या जागी झुरत होते.

एका सुट्टीच्या सकाळी दोघी अंगणात ओली चादर पिळत होत्या. एक टोक आईकडे, दुसरे लेकीकडे. पीळ काही बसेना, चादर नुसतीच गोल गोल फिरत राहिली. आई ज्या बाजूला फिरवी, लेक तिच्याच सोबतीने फिरवत होती.

"अगं, उलटं फिरव."

"उलटंच तर फिरवतेय."

"सोनं वितळवतेस आणि चादर पिळता येत नाही होय गं?"

आणि आई हसली. दोन्ही हात चादरीत अडकलेले. सोडले असते तर चादर मातीत गेली असती. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ऊन पडले. भट्टीताई फिरवायची थांबली आणि बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, तरी तिने टोक सोडले नाही.

"काय झालं गं?"

"काही नाही. फिरव तू."

आता मला कोणी पाहत नाही याचे वाईट वाटत नाही. लोक हसणे पाहतात, तेवढे मला पुरते. तुम्ही मात्र आपले दात सांभाळा, माझी गरज पडू देऊ नका. आणि कोणी तोंडावर हात धरून हसत असेल, तर 'हात काढ' म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याच्या हातात ओल्या चादरीचे एक टोक द्या, आणि दुसरे तुम्ही धरा.