चौथा ओंडका

कॅसलरॉकच्या डोंगरावरनं सागाचे ओंडके खाली रुळांपाशी उतरवायचे म्हणजे पोरखेळ नव्हता. ओंडक्याला दोर बांधायचा, दोराचे दोन वेढे जाड खुंटाला द्यायचे आणि दोघा गड्यांनी उरलेलं टोक धरून हात-हात सोडत जायचं. मुकादम झिलूचा नेम होता, तीन ओंडके झाले की दोरावरचे गडी बदलायचे. कुणी नको म्हटलं तरी बदलायचे. सहा वर्षांत टोळीतला एक माणूस दगावला नव्हता, आणि ह्याचा त्याला भलताच ताठा होता.

त्या दिवशी कंत्राटदाराचा कारभारी लक्ष्मण धापा टाकत वर आला. "सांजच्याला मालगाडीच्या वाघिणी सुटनार. हात बदलत बसलास तर उद्या दुसरा मुकादम आनतो."

झालं! एवढा वाघासारखा गडी, पण झिलूनं नांगी टाकली.

तिसरा ओंडका उतरला तसा दोरावरचा परशू मटकन खाली बसला. झिलूचा धाकटा भाऊ. "अण्णा, हात मेल्यात. बदल मला."

कारभारी बघत होता. झिलूनं भावाच्या कानफटात अशी ठेवून दिली की ओठातनं रक्त आलं. "ऊठ, मुडद्या! धर दोर!"

परशूनं धरला. चौथा ओंडका निम्म्या उतारावर असताना त्याच्या हातातनं दोर सुटला. जोडीदाराला एकट्याला कुठला आवरतोय? ओंडका उसळला आणि खाली ओंडके रचायला उभ्या असलेल्या मारुतीच्या छातीवरनं गेला. ओरडायलासुद्धा सवड मिळाली नाही बिचाऱ्याला. फणस फुटावा तसं झालं सगळं.

मारुतीचा थोरला भाऊ म्हादू कुऱ्हाड घेऊन वर धावला. "परश्या! माझ्या भावाला खाल्लास!" अडवायला गेलेल्या गड्याचे त्यानं कोपरानं दात पाडले. खालनं आलेल्यांना वरचं काय ठाऊक? तेही "मारा, मारा" करू लागले.

"ह्यानंच सोडला! म्या बघितलं!" कारभारी बोट दाखवत किंचाळला.

परशू पळाला नाही. खुंटाला टेकून नुसता उभा होता.

झिलू गप्प बसला तर मुकादमी राहत होती आणि भाऊ जात होता. पुढं होऊन त्यानं परशूचे पंजे सगळ्यांसमोर उघडले. कातडं सोलून मांस दिसत होतं.

"बघ! बदल म्हनला ह्यो. मीच मारून उभा केला. मारुतीला मी मारला, म्हादू. मी!"

म्हादूनं हंबरडा फोडला आणि कुऱ्हाड उलटी करून झिलूच्या खांद्यावर घातली. हाड कडाडलं. दुसरा तडाखा बरगडीत बसला. झिलूनं हात वर केला नाही.

"बास!" कारभारी ओरडला. "दोघा जनांनी मारुतीचं मढं बाजूला घ्या, बाकीचे दोरावर!"

म्हादू वळला. कुऱ्हाडीचं पातं कारभाऱ्याच्या नरड्याला टेकलं, तसं त्याचं धोतर ओलं झालं.

"जाऊ द्यात तुज्या वाघिणी रिकाम्या. आमाला मारुतीला जाळायचं हाय."

मग तो खाली पडलेल्या झिलूवर वाकला. डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या. आता संपवतो हा, असं झिलूला वाटलं.

"मुकादम तूच ऱ्हायचं," म्हादू म्हणाला. "परत कुनाला चौथा उतरवाय लावलास तर मान उडवीन. आयकलंस?"

"व्हय," झिलू म्हणाला, आणि हमसून हमसून रडू लागला.