चौकातल्या हवेचा खरा आकडा

मित्रांनो, चौकातल्या दवाखान्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पत्र्याची उतरती टोपी घातलेला एक चौकोनी डबा दिसतो. तोच मी. हवा मोजणारं एक जुनं यंत्र. माझ्या पोटात मोटार आहे आणि टोपीखाली वहीच्या पानाएवढा पांढरा कागद. मोटार हवा ओढते, धूळ कागदावर अडकते. ज्या फिटरने मला जोडलं, तो शेवटचा स्क्रू आवळताना म्हणाला होता, "जा बाबा, आता जन्मभर लोकांची धूळ खा." चेष्टेत म्हणाला, पण झालं अगदी तसंच.

रोज सकाळी मोजणीच्या बाई जिना चढून येत. कालचा कागद चिमट्याने काढून पाकिटात ठेवत, नवा लावत. खालच्या मजल्यावर त्यांची तराजूची खोली होती. कोऱ्या कागदापेक्षा वापरलेल्याचं वजन जेवढं जास्त, तेवढी चौकातली धूळ. कागद नेहमी काळपटच निघे. वर्षातून एकदा पाहुणे येत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत, कौतुक करत. एरवी कबुतरं सोडली तर बाहेरचं कुणी माझ्याकडे फिरकत नसे.

बाईंचे यजमान त्याच चौकात वाहतूक पोलीस होते. दुपारी ते वर येत आणि दोघं माझ्या सावलीत बसून डबा खात. दोन घासांमध्ये यजमानांना खोकल्याची ढास लागे. बाई पाण्याची बाटली पुढे करत. नवरा दिवसभर काय श्वासात घेतो, त्याचं वजन त्या रोज स्वतःच्या हाताने करत होत्या.

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. बस नाही, ट्रक नाही. सिग्नल मात्र रिकाम्या रस्त्यासाठी रंग बदलत राहिला. बाई तोंडाला मास्क बांधून चालत येत. चौथ्या दिवशी त्यांनी माझी टोपी उघडली आणि तशाच थांबल्या. कागद जवळजवळ कोरा होता.

दुपारी मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. "बाई, हा आकडा कसला पाठवलाय? या चौकात एवढी कमी धूळ? तुमचं यंत्र गेलंय. गेल्या वर्षीचा आकडा भरा आणि ते भंगारात काढा."

मी मनातून पार खचलो. इतकी वर्षं काळा कागद दिला तेव्हा कुणी शंका घेतली नव्हती.

"आधी तपासते, साहेब," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझी मोटार उघडली, तिचे झिजलेले कार्बनचे ब्रश बदलले, रबराची पट्टी पुसली, हवा किती ओढली जाते ते मोजलं. दोन तास उन्हात बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीचा कागदही तसाच पांढरा. त्यांनी तीनदा वजन केलं आणि फोन लावला.

"यंत्र ठीक आहे, साहेब. हवाच बदललीय. गेल्या वर्षीचा आकडा मी लिहिणार नाही."

"आणि मला वरून विचारलं तर?"

"तर त्यांना गच्चीवर पाठवा. इथून आता डोंगर दिसतोय."

साहेब म्हणाले, "बरं, आहे तोच लिहा."

यजमान जेवायला आले तेव्हा बाईंनी त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ तो निरखला.

"आठवडा होत आला," ते म्हणाले, "मला ढास लागली नाही. पण हे कुणाला सांगायची लाज वाटते गं."

खालून एक रुग्णवाहिका गेली. तिचा आवाज विरला तसे यजमान म्हणाले,

"लोकांना श्वास मिळेना, कामं गेली, आणि मला मोकळं वाटतंय. अशी नको होती ही हवा."

"नकोच," बाई म्हणाल्या. "पण मिळू शकते, एवढं तर कळलं."

पुढे बंदी उठली. लोक कामाला लागले, चुली पेटल्या, याचा मलाही आनंद झाला. पण आठवड्याभरात माझा कागद पुन्हा काळा आणि यजमानांचा खोकला परत. तेव्हा बाईंनी साहेबांची परवानगी घेऊन नोंद झालेले दोन कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातले, एक बंदीतला, एक आताचा, आणि यजमानांच्या हातात दिले. लाल दिवा लागला की ते गाड्यांमधून फिरून कागद दाखवू लागले आणि इंजिन बंद करायला सांगू लागले. बरेच जण काच वर करून घेत.

एक गाडीवाला म्हणाला, "दीड मिनिटासाठी इंजिन काय बंद करायचं?"

"दीड मिनिट तुमचं, दादा. मी इथे आठ तास उभा असतो."

त्या माणसाने पुन्हा एकदा कागदांकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

मित्रांनो, त्या दिवशीही माझा कागद काळाच निघाला आणि बाईंनी तो आकडा जसाच्या तसा लिहिला. एका गाडीने चौक स्वच्छ होत नाही, हे मला ठाऊक आहे. मी धूळ फक्त मोजू शकतो, कमी करणं तुमच्या हातात आहे. म्हणून लाल दिव्याला थांबलात तर इंजिन बंद करा. मला गच्चीवर ते दुसऱ्या दिवशी कळेल. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याच श्वासात कळेल.